सावरगावचं स्वस्त घर

कवडू मास्तर मडकं घ्यायला बाजारात आले की कुंभारीण आधी पाणी पिऊन घ्यायची, कारण पुढचा अर्धा तास तिचा राहत नसे. मास्तर मडकं वाजवायचे, उन्हाकडे धरून आत डोळा लावायचे, बुडाला ओला रुमाल फिरवायचे आणि एवढं करून शेजारच्या दुकानातलं घ्यायचे. सारं पांढुर्णा गाव त्यांची टिंगल करायचं. करेना बापडं. टिंगल करणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या बायकांचे दागिने सावकाराच्या पेटीत होते आणि कवडू मास्तरांवर कुणाचं दमडीचं देणं नव्हतं. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यांची मान ताठ असायची ती याच जोरावर.

ही ताठ मान घरी मात्र सतत वाकलेली असे. मास्तर ताडमाड उंच आणि घर भाड्याचं, दोन खोल्यांचं. चौकट लागून लागून कपाळावर कायमचा डाग पडला होता. सकाळच्या गाडीने तिगावच्या शाळेत जायचं, संध्याकाळी परत यायचं आणि वाकून घरात शिरायचं, अशी बारा वर्षं गेली. बायको पंचफुला, मुलगा विजय, मुलगी अलका आणि पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली मांडलेली भांडी, एवढा त्यांचा संसार. घरमालक दर दिवाळीला भाडं वाढवायचा. पोस्टात एकोणीसशे रुपये साठले होते आणि स्वतःचं घर घ्यायचं, एवढी एकच इच्छा त्या माणसाला आयुष्यात होती.

छप्पन साल उजाडलं आणि घरांचे भाव पडले. पहिल्या नोव्हेंबरपासून राज्यं बदलणार होती. नागपूर मुंबईकडे जाणार आणि पांढुर्णा-सौंसर भोपाळकडे राहणार. कचेरीतले कितीतरी लोक नागपूरकडे बदली मागून बसले होते आणि मिळेल त्या भावात घरं फुंकत होते. मास्तर खूश होते. पंचफुलेला त्यांनी सांगून ठेवलं होतं, "घाबरलेला माणूस घर विकते, हुशार माणूस घेते. पण एकोणीसशाच्या वर एक पैसा नाही. दागिन्याले हात नाही. कर्ज नाही." घर पाहायचं, शेजार पाहायचा, कागद पाहायचे आणि मगच इसाराचे पैसे द्यायचे, असा त्यांचा क्रम ठरलेला होता.

सावरगावात अंबाबाईचं घर विकायला आहे, हे त्यांना गाडीत कळलं. बाई विधवा. नवरा नत्थूजी संत्र्याच्या बागांचा ठेकेदार होता, तो जाऊन आठ वर्षं झालेली. रविवारी दुपारी मास्तर जाम नदी ओलांडून गेले. घर उंचावर होतं, चार खोल्यांचं, पक्क्या जोत्याचं, छपरावर नवे कवेलू घातलेलं. साठी उलटलेली एक बारीक बाई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"आला तू," ती म्हणाली. "उशीर केला."

मास्तरांना गावात सगळे अहो-जाहो करायचे. त्यांना वाटलं, म्हातारीला कमी दिसत असेल, दुसरंच कुणी समजली. त्यांनी नाव सांगितलं, काम सांगितलं. ती नुसतीच हसली आणि "पाहून घे" म्हणाली.

मास्तरांनी भिंती ठोकल्या, वासे पाहिले, विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन वास घेतला. कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. तिसऱ्या खोलीतून बाहेर येताना ते थबकले. तीन दारं ओलांडली होती आणि एकदाही वाकावं लागलं नव्हतं. त्यांनी मागे वळून चौकटीला हात लावला. डोक्याच्या वर चार बोटं जागा होती. मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. मास्तर डावखुरे. शाळेत त्यापायी छड्या खाल्लेल्या, पण हात काही बदलला नाही. या घरातल्या कड्या डाव्या हाताला होत्या. खुंट्याही डावीकडे, आणि विहिरीवर उभं राहायचा दगडसुद्धा अशा बाजूला की डावखुऱ्यालाच तिथून दोर ओढणं सोपं जावं.

"बाई, घर बांधणारा मिस्त्री उंच होता काय?" त्यांनी विचारलं.

"मिस्त्री बुटका होता. ज्याच्यासाठी बांधलं तो उंच आहे."

मास्तरांनी पुन्हा एकदा चौकटीकडे पाहिलं. पण ते व्यवहाराला आले होते. त्यांनी किंमत विचारली. अडीच हजार, बाई म्हणाली. हे आपल्याला झेपत नाही हे लपवत मास्तरांनी नेहमीची सुरुवात केली, "जामीचा पूर इथपर्यंत येते का?"

"चोवीसशे," बाई म्हणाली.

"मी पुराचं विचारून राहिलो."

"तेवीसशे."

मास्तरांना वाटलं, बहिरी असावी. त्यांनी आवाज चढवून विचारलं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीकाठी दोन गावांत दगडफेक होते त्या गोटमारीत इथे दगड येतात का, कवेलू फुटतात का. बाई तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाली, बावीसशे. त्या दुपारी मास्तरांनी एकूण सहा शंका विचारल्या आणि घर एकोणीसशेवर आलं. उत्तर एकाही शंकेचं मिळालं नाही. गंमत अशी की ते हे विसरूनच गेले. नदी ओलांडताना त्यांच्या अंगात गोटमार जिंकल्याचा जोर होता.

घरी त्यांनी भाव कसा पाडला हे दोनदा सांगितलं. पंचफुला भाकरी थापत ऐकत होती. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, "भाव तुम्ही पाडला, का तिनं?"

पुढच्या रविवारी तीही सोबत गेली. मास्तर मागल्या बाजूला नाली पाहायला गेले तेवढ्यात तिने कुंपणापलीकडच्या बाईशी बोलणं काढलं. बाई चांगली आहे, शेजारीण म्हणाली. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. फक्त रोज दोन ताटं वाढते. एक स्वतःचं आणि एक मुलाचं. मुलाचं ताट तासभर तसंच ठेवते, मग गाईला घालते.

"मुलगा कुठी असते?"

"बाहेरगावी म्हणे. आमी तं कधी पाह्यला नाही."

पंचफुला आत आली तेव्हा जेवणवेळ होती. स्वयंपाकघरात खरंच दोन पाट मांडलेले होते. दुसऱ्या ताटाचं तांब्या-भांडं पहिल्याच्या उलट बाजूला, डावखुऱ्याला सोयीचं असं ठेवलं होतं. पंचफुलेने ते पाहिलं आणि ओसरीवर येऊन सरळ प्रश्न टाकला, "बाई, तुमच्या माघारी या घरावर हक्क सांगाले कोणी आहे का?"

अंबाबाईने पहिल्यांदा मान वर केली. पंचफुलेकडे तिने बराच वेळ पाहिलं, नवी सून न्याहाळावी तसं.

"हजार," ती म्हणाली.

एका प्रश्नाला नऊशे रुपये. मास्तर इसार द्यायला खिशात हात घालणार होते, पण पंचफुलेने डोळ्याने दाबलं. परतताना ती नदीच्या पात्रातच थांबली.

"मले भेव वाटून राह्यलं," ती म्हणाली. "पोतं फाटलेलं असलं की बाजारात भाव कमी सांगते. पण ते दाखवते तरी, का इथं फाटलं आहे. ही बाई काहीच दाखवून नाही राह्यली."

"कागद पाहू. कागद खोटं बोलत नाही," मास्तर म्हणाले. त्यांनाही भीती वाटत होती. पण हजार रुपयांत चार खोल्या आणि पोस्टात नऊशे शिल्लक, हा आकडा डोळ्यांपुढून हलत नव्हता. वाकून वाकून पाठ दुखायची तेव्हा तर फारच हलत नव्हता.

सोमवारी त्यांनी रजा टाकली आणि मोटारीने सौंसरला गेले. रजिस्ट्रीच्या कचेरीत अर्ज दिला, फी भरली आणि लिंबाखाली बसून राहिले. भोवती जमिनी विकणारे, घरं विकणारे, नागपूरला निघालेले लोक बसले होते. दुपारी कारकुनाने जुनं बाड काढलं, पानावर बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं. सावरगावचं ते घर सन चाळीस साली नत्थूजीने जागा घेऊन बांधलेलं होतं. पण नाव त्याचं नव्हतं. अंबाबाईचंही नव्हतं.

"मालक, कवडू वल्द नत्थूजी, म्हणजे नत्थूजीचा मुलगा," कारकून म्हणाला. "वय बावीस. धंदा मास्तरकी."

मास्तरांनी पुन्हा वाचायला लावलं आणि नोंदीची नक्कल मागून घेतली. चाळीस साली ते बावीस वर्षांचेच होते आणि मास्तरकी करून त्यांना दोन वर्षं झाली होती.

परतीच्या मोटारीत त्यांनी मनाची खूप समजूत घातली. कवडू नावाला या मुलखात काय तोटा? ज्या बाईची लेकरं जगत नाहीत, तिने नवं लेकरू कवडी घेऊन दुसरीला विकायचं. मृत्यू आला तर त्याला त्या घरात लेकरूच सापडत नाही. अशी विकलेली पोरं कवडू होतात. पुढे लग्नाआधी लुगडं-चोळी आणि ती कवडी परत देऊन पोर सोडवून आणायचं असतं. मास्तरांच्या शाळेतच तीन कवडू होते. ते स्वतःही असेच विकलेले. त्यांच्याआधीची पाच भावंडं गेली होती. कुणाला विकलं, हे त्यांनी आईला कधी विचारलं नाही. मडक्याचं बूड तपासणाऱ्या माणसाला ही एक चौकशी कधी सुचली नव्हती.

तेव्हा हा कवडू म्हणजे म्हातारीचा बाहेरगावचा मुलगा, आणि म्हातारी त्याच्या नकळत त्याचं घर विकते आहे. मास्तरांनी असं ठरवून टाकलं आणि त्यांना रागही आला, म्हणजे थोडं बरं वाटलं. घरी येऊन त्यांनी नक्कल पंचफुलेला वाचून दाखवली. तिने ती ऐकली, उठली आणि सासूची हळदी-कुंकवाची जुनी डबी काढली. डबीत चिंधीत गुंडाळलेली एक पिवळी पडलेली कवडी होती.

"सासूबाई गेल्या तवा हे माह्या हातात देल्लं," ती म्हणाली. "म्हणल्या, वापस कराची राहून गेली. कोणाची ते सांगाच्या आत वाचा बसली. मी म्हटलं असंल काही देवाधर्माचं."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोघं सावरगावला गेले. कवडी पंचफुलेच्या पदराच्या गाठीत होती. अंबाबाई मधल्या खोलीत बसली होती. मास्तरांनी नक्कल तिच्यापुढे धरली आणि कोरड्या आवाजात म्हणाले, "घर तुमच्या नावावर नाही. या कवडूची सही असल्याशिवाय सौदा होत नाही."

"कर मग," अंबाबाई म्हणाली.

मास्तर खाली बसले.

अंबाबाईने सांगितलं ते शांतपणे सांगितलं. "तुही माय कला माही शेजारीण. याच गावात. तिची पाच गेली होती. तू सहावा. तिनं तुले खिडकीतून माह्या हातात देल्लं अन मी तिले कवडी देल्ली. माहा पोरगा भिवा तवा सव्वा महिन्याचा होता. दोघांले एका पाळण्यात टाकलं. तिसऱ्या दिवशी दोपारी मी विहिरीवर होती. जे आलं ते तुह्यासाठी आलं होतं. पाळण्यात दोन होते. त्यानं एक उचलला."

खोलीत वारा नव्हता. वर मयालीला, म्हणजे छताच्या तुळईला, जुन्या घरातून काढून आणलेल्या पाळण्याच्या दोन लोखंडी कड्या लटकत होत्या. त्यातली एक किंचित हलत होती.

"मी आली तं तू हसून राह्यला होता," अंबाबाई म्हणाली. "कला आली, तुले उचललं अन त्याच दिवशी नवऱ्याले घेऊन गाव सोडून गेली. कवडी वापस नाही केली. तिले तोंड दाखवाची लाज वाटली असंल. मले पहिले लय राग होता. मग विचार केला, का एक गेला, पण एक इकत घेतलेला आहे. जो वापस नाही गेला तो आपलाच ना."

"तुम्हांला माझी उंची..." मास्तरांनी चौकटीकडे बोट केलं.

"बाजारात पाहत होती ना दर हप्त्याले. तू मडकं वाजवून पाहे, मी मांगं उभी राहे. नत्थूजीनं शाळेत येऊन तुहा हात पाहून ठेवला होता, कोणता चालते ते."

"मग हे भाव? अडीच हजार अन हजार?"

"फुकट म्हटलं असतं तं तू उंबऱ्यात आला असता काय? अन एकदम स्वस्त म्हटलं असतं तं भेला असता. तुले भाव पडताना पाहूसं वाटते."

मास्तरांना शरम वाटली आणि तिच्यापेक्षा मोठी भीती वाटली. अडतीस वर्षं ज्या जोरावर मान ताठ होती तो जोर एका क्षणात गेला. कुणाचं दमडीचं देणं नाही म्हणत फिरलो, आणि हा श्वाससुद्धा दुसऱ्याच्या लेकराचा. त्यांनी तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा भाव वाढवला.

"बाई, अडीच हजार घ्या. एकोणीसशे उद्या देतो, बाकीचे हप्त्यानं. पण मले तुमचं काही ठेवायचं नाही."

"दे," अंबाबाई म्हणाली. "पैसे देशीन तं तू गिऱ्हाईक. मग कवडी बी देऊन टाक. मी सोडलं तुले."

पंचफुलेने गाठ सोडली आणि कवडी मास्तरांच्या हातावर ठेवली. मास्तरांनी हात पुढे केला. अंबाबाईचा तळवा समोर उघडा होता.

"पण एक समजून घे," ती म्हणाली. आवाजात धमकी नव्हती, भाजीत मीठ किती ते सांगावं तसं ती बोलत होती. "माह्या हातातून सुटला का तू पुन्हा कलाचा. जे आलं होतं ते कलाच्या घरचं नेऊन राह्यलं होतं, त्याची गिनती चुकली. त्याले कोणी सांगतलं नाही, इतकंच. तू कलाचा झाला का तुही लेकरं बी कलाच्याच घरची."

मास्तर असल्या गोष्टी मानत नव्हते. देवीची लस टोचून घ्या म्हणून ते गावोगाव सांगत फिरलेले होते. भूतखेत म्हणणाऱ्या पोराला वर्गात उभं करायचे. पण न मानणं वेगळं, आणि विजय-अलकाला पणाला लावून न मानणं वेगळं. ते हात पुढे धरून बसून राहिले. एका पारड्यात त्यांची स्वतःची मान होती, कुणाची बांधील नसलेली. दुसऱ्या पारड्यात काय आहे हे पाहायची त्यांची छाती होईना. वर कडी कुरकुरली. पंचफुलेने त्यांच्या दंडाला घट्ट धरलं. तिची नखं सदऱ्यातून आत रुतली.

मास्तरांनी मूठ मिटली.

"राहू दे माह्याजवळ," ते म्हणाले. आणि मग, "माय."

अंबाबाईने आपला हात मागे घेतला. वरची कडी थांबली की नाही हे पाहायला कुणी मान वर केली नाही.

त्या वर्षी दिवाळी आणि नवं राज्य एकाच आठवड्यात आलं. मास्तरांनी बैलबंडीत सामान भरलं आणि बिऱ्हाड सावरगावला हलवलं. रजिस्ट्री करायची गरजच नव्हती, घर सोळा वर्षांपासून त्यांच्याच नावावर होतं. पोस्टातले एकोणीसशे तसेच राहिले. विजयला अंगणात हुंदडायला जागा झाली, अलका म्हातारीच्या मागे मागे फिरू लागली. सावकाराकडे दागिने ठेवलेल्या लोकांनी मास्तरांच्या नशिबाचा हेवा केला, आणि ज्यांनी टिंगल केली होती तेही म्हणू लागले की सौदा करावा तर कवडू मास्तरांनी.

पाडव्याला तिगावचे हेडमास्तर फराळाला आले. त्यांनाही घर घ्यायचं होतं. त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला, चौकटीची उंची पाहून नवल केलं आणि ओसरीवर टेकत विचारलं, "मास्तर, खरं सांगा. कितीला पडलं?"

मास्तर उत्तर द्यायला तोंड उघडणार होते. तेवढ्यात आतून अंबाबाईची हाक आली.

"भिवा."

हेडमास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं, त्या नावाचं कुणी दिसलं नाही. कवडू मास्तर मात्र लगेच उठले, "आलो माय" म्हणाले आणि आत गेले. पंचफुला दारात खाली मान घालून सुपारी कातरत राहिली.